कानाचा रिपोर्ट चांगला आहे, मग?

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. थोडं कापून देते.

"माझा मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. दीड वर्षापूर्वी एकदा पहाटे झोपेत त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, गाल उडायला लागला, लाळ गळायला लागली. जागा होता, माझ्याकडे बघत होता, पण बोलता येत नव्हतं. दोन मिनिटांत थांबलं. असं तीनदा झालं. ईईजी काढला. डॉक्टर म्हणाले, ही लहानपणीची फिट आहे, वयात येताना आपोआप जाते. कार्बामाझेपिन सुरू केलं आणि ८ महिन्यांत एकही फिट नाही. पण दिवाळीपासून वेगळंच चाललंय. हाक मारली तर वळत नाही. 'दप्तर आत ठेव आणि हात धुऊन ये' म्हटलं तर दप्तर घेऊन मोरीकडे जातो. सारखं 'काय? काय?' करतो. आधी शाळेतल्या गमती सांगून डोकं खायचा, आता दोन शब्दांत उत्तर देतो. डिक्टेशनमध्ये १० पैकी २ मार्क. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, कान उत्तम आहेत, त्याचं लक्ष नसतं. टीचर म्हणतात, घरी मराठी बंद करा, इंग्लिशच बोला. मिस्टर म्हणतात, नाटकं आहेत, चॉकलेट म्हटलं की बरोबर ऐकू येतं. सासूबाई दृष्ट काढतात आणि रोज रात्री डोक्याला ब्राह्मी तेल चोळतात. मला वाटतं हे सगळं त्या गोळीने झालंय. बंद करू का? – एक आई"

ताई,

गोळी बंद करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आत्ता ऐका. फिटची गोळी अचानक थांबवली तर आधीपेक्षा मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते. गोळी बदलायची, कमी करायची, थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात आणि तेही हळूहळू करतात. तुमच्या शंकेत तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्याकडे पुढे येतेच.

दुसरी गोष्ट तुमच्या मिस्टरांसाठी. हे नाटक नाही. ३० वर्षं मी मुलांच्या वाचा-श्रवणाचं काम केलं. 'मुद्दाम करतो' म्हणून आणलेल्या मुलांपैकी खरोखर मुद्दाम करणारी मला फार थोडी भेटली. सात वर्षांच्या मुलाला नाटक करायचं असतं तेव्हा तो पोट दुखतं म्हणतो. डिक्टेशनमध्ये दोन मार्क आणून वर वर्गाचं हसू ओढवून घेत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. कान चांगले आहेत, मग ऐकू का येत नाही?

संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनवर उभ्या राहा. वरच्या भोंग्यातून घोषणा होते. आवाज तुमच्या कानात चांगला जोरात शिरतो, पण गाडी कुठली, फास्ट की स्लो, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, यातलं निम्मं लागत नाही. मग आपण शेजारच्याला विचारतो, "काय म्हणाली?" त्या क्षणी तुमचे कान तपासले तर रिपोर्ट उत्तमच येईल. तुमच्या मुलाचा बहुतेक वेळ अशा प्लॅटफॉर्मवर जातोय, असं समजा.

कानाच्या डॉक्टरांनी जी तपासणी केली ती बंद, शांत खोलीत झाली असणार. हेडफोन लावतात, बारीक 'टूं' वाजतं, ऐकू आलं की मुलाने बोट वर करायचं. त्यातून कानाचा पडदा, आतली हाडं, शंखाकृती कॉक्लिया आणि तिथून निघणारी नस ठीक आहे की नाही ते समजतं. पण 'टूं' ऐकणं आणि 'हात धुऊन ये' समजणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. नसेतून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी दोन-तीन ठिकाणी थांबून कानशिलाच्या आतल्या भागात पोचतो. आपण रागाने मारायला निघतो ते कानशील, त्याच्याच आत. तिथे आवाजाची फोड होते, हा 'ग' की 'घ', हा 'पळ' की 'फळ'. बहुतेक माणसांत डाव्या बाजूला त्याच्या लगतच शब्दाचा अर्थ लागतो. एवढं सगळं झाल्यावर आपण म्हणतो, ऐकलं. बोलीभाषेत आपण 'ऐकत नाही' हे एकच वाक्य बहिऱ्यासाठीही वापरतो आणि हट्टी मुलासाठीही. निम्मा घोळ तिथेच होतो.

आता फिटचा याच्याशी संबंध काय? तुम्ही वर्णन केलेली फिट, म्हणजे पहाटे, झोपेत, तोंडाची एक बाजू ओढली जाणं, लाळ, शुद्धीत असून बोलता न येणं, हे वर्णन रोलँडिक एपिलेप्सीशी जुळतं. लहान मुलांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या प्रकारांपैकी हा एक. साधारण ४ ते १० या वयात सुरू होतो आणि बहुतेक मुलांच्या फिट्स १३ ते १६ वर्षांपर्यंत थांबतात. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. यात मेंदूचा जो भाग अधूनमधून भडकतो तो तोंड आणि जीभ हलवणारा, आणि त्याच्या अगदी शेजारी कानशिलाचा तो ऐकण्याचा, भाषेचा भाग. चाळीतल्या दोन खोल्यांसारखं आहे. एका खोलीत भांडण झालं की शेजारच्या खोलीतल्या पोराचा अभ्यास होत नाही.

फिट थांबली तरी हे भडकणं पूर्ण थांबलेलं असतंच असं नाही. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीच्या, कागदावर मध्येच टोकदार ठोके दिसतात. बाहेरून काही कळत नाही, मूल नेहमीसारखं खेळत असतं. असा एक ठोका साधारण २० ते ७० मिलिसेकंदांचा असतो. आता गंमत बघा, 'गडी' आणि 'घडी' यांतला फरकही कानाला तेवढ्याच इवल्याशा वेळात पकडावा लागतो. ठोका नेमका तिथे पडला तर शब्दाचा तुकडा निसटू शकतो. एखादा निसटला तर मूल बाकीच्या वाक्यावरून अंदाज बांधतं. तीन निसटले तर दप्तर घेऊन मोरीकडे जातं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट झोपेची. या मुलांच्या मेंदूतले ठोके जागेपणी थोडे आणि गाढ झोपेत खूप वाढतात. गाढ झोप ही मेंदूची आवराआवरीची वेळ. दिवसभरात कानावर पडलेले नवे शब्द तेव्हा नीट रचून ठेवले जातात. रात्रभर कुणीतरी त्या कपाटाला धक्के देत राहिलं तर सकाळी काय सापडणार? म्हणून रोलँडिक एपिलेप्सीच्या काही मुलांना, फिट्स अगदी तुरळक असल्या तरी, वाचन, स्पेलिंग, गोंगाटातलं बोलणं समजणं जड जातं. 'साधी फिट, आपोआप जाते' हे फिटबद्दल खरं आहे. अभ्यासाचं काय, हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. फिट थांबली की डॉक्टर खूश, आईबाप खूश आणि मूल वर्गात शेवटच्या बाकावर.

आता जरा गंभीर बोलते. घाबरवण्यासाठी नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'आधी शाळेतल्या गमती सांगून डोकं खायचा, आता दोन शब्दांत उत्तर देतो.' आधीपासून हळू असणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं. मुलाने कमावलेली भाषा तो गमावू लागला असेल, तर ते 'पुढच्या महिन्यात दाखवू' असं काम नाही.

१९५७ साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम लँडाउ हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि तिथल्या कर्णबधिरांच्या संस्थेतले फ्रँक क्लेफनर यांनी काही मुलांचं वर्णन लिहिलं. ही मुलं नीट बोलत होती, मग त्यांना बोललेलं समजेनासं झालं, मग बोलणंही आटलं. कान शाबूत, ईईजी बिघडलेला. त्याला आज लँडाउ-क्लेफनर सिंड्रोम म्हणतात. हा दुर्मीळ आहे. बहुधा ३ ते ८ या वयात सुरू होतो. आई हाक मारते आणि मुलाला तो नुसता आवाज वाटतो, शब्द वाटत नाही. पुढे पुढे काही मुलांना दाराची बेल आणि कुकरची शिट्टी यांतलाही फरक लागत नाही. सुमारे ७० टक्के मुलांना फिट्स येतात, बाकीच्यांना दिसेल अशी फिट कधी येतच नाही. म्हणून कुणाला बहिरं ठरवतात, कुणाला स्वमग्न, कुणाला द्वाड.

मीही ठरवलं होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाच वर्षांची एक मुलगी आली. आई म्हणाली, बोलत होती, आता ऐकत नाही. मागे ढोलकं वाजवलं तर वळली नाही. मी मनात कर्णबधिर असा शिक्का मारून मोकळी झाले. कानाच्या तपासणीत ती कधी बोट वर करायची, कधी नाही. मी म्हटलं, लहान आहे, सहकार्य करत नाही. चार महिने मी तिला ओठ वाचायला शिकवत बसले. मग एका शिकाऊ डॉक्टरने सहज विचारलं, "ही झोपते कशी?" झोपेतला ईईजी काढला आणि कागदभर ठोके. फिट एकही नव्हती. तिचा उपचार सुरू झाला, भाषा बरीच परत आली, सगळी नाही. ते चार महिने माझ्या खात्यावर आहेत. आज ती नोकरी करते, मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून निरोप पाठवते. व्हॉइस नोट मात्र उघडत नाही. "मावशी, टाइप करा" म्हणते.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पत्र वाचून निदान करणाऱ्यांतली मी नाही. त्याला चॉकलेट कळतं, दोन शब्दांत का होईना उत्तर देतो. कदाचित रोलँडिक एपिलेप्सीबरोबर येणारी ऐकण्याची, भाषेची अडचण एवढंच असेल. पण या दोन टोकांच्या मध्येही मुलं असतात. झोपेतले ठोके फार वाढले की भाषा, लक्ष, वागणूक सगळंच घसरायला लागतं. पूर्वी गाढ झोपेचा ८५ टक्के काळ ठोक्यांनी भरलेला असेल तरच हे निदान करायचे. आता त्याहून कमी असले तरी मूल घसरत असेल तर डॉक्टर दखल घेतात. तुमचं मूल कुठे बसतं ते ओळखायचा रस्ता झोपेतला ईईजी हाच आहे.

पहिला ईईजी गोळी सुरू करण्याआधीचा. तो आता जुना झाला. शिवाय तो जागेपणीचा असेल, किंवा मुलाला जेमतेम डुलकी लागली असेल, तर त्यावरून काही ठरवता येत नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला या आठवड्यातच भेटा आणि अगदी या शब्दांत सांगा: "फिट नाही, पण तीन-चार महिन्यांत बोललेलं समजणं आणि बोलणं कमी झालंय. गाढ झोप येईल असा ईईजी करायचा का?" जमलं तर रात्रभराचा. नुसतं 'लक्ष देत नाही' म्हणालात तर 'मुलं अशीच असतात' हे उत्तर घेऊन परत याल. फोनवर त्याचे जुने व्हिडिओ असतील, वाढदिवसाचे, गणपतीतले, ज्यात तो भरभर बोलतोय. ते आणि आत्ताचा एखादा, दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. आईच्या दहा वाक्यांपेक्षा डॉक्टर त्या दोन व्हिडिओंवर जास्त विश्वास ठेवतात. वाईट वाटतं, पण आहे खरं.

आता गोळी. कार्बामाझेपिन हे जुनं, स्वस्त आणि पुष्कळ मुलांना लागू पडणारं औषध आहे. रोलँडिक एपिलेप्सीत ते सर्रास देतात. पण थोड्या मुलांमध्ये त्याने फिट थांबते आणि झोपेतले ठोके उलट वाढतात. म्हणजे तुमची शंका वेडी नाही. ती डॉक्टरांपुढे ठेवायची, कचऱ्याच्या डब्यापुढे नाही. झोपेतले ठोके खरंच वाढलेले निघाले तर डॉक्टर औषध बदलतील, क्लोबाझामसारखं दुसरं देतील, कधी काही महिने स्टेरॉइडही देतात. स्टेरॉइड हा शब्द ऐकून दचकू नका, त्या वेळी त्याचे फायदे-तोटे विचारून घ्या. या गोळीची एक गंमत सांगते. काही जणांना ती सुरू असताना सगळे सूर अर्ध्या स्वराने खाली ऐकू येतात. सुरांचा कान पक्का असलेल्यांनी हे सांगितलं, बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही. गोळी थांबली की सूर परत जागेवर येतात. तुमच्या मुलाचं दप्तर त्यामुळे मोरीकडे जात नाही, तेव्हा ही काळजी यादीतून काढून टाका.

भेटीला जाल तेव्हा आणखी दोन शक्यता विचारून घ्या. एक, कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं. सर्दीच्या मुलांना होतं, टिंपॅनोमेट्री या दोन मिनिटांच्या तपासणीत कळतं. कदाचित झालीही असेल, रिपोर्ट पाहा. दुसरी, टक लावून हरवण्याची फिट. मूल बोलता बोलता थांबतं, पाच-दहा सेकंद नजर शून्यात, खांद्याला हात लावला तरी भान नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू. दिवसात अनेकदा होते. हाक मारल्यावर तो वळत नाही तेव्हा जवळ जाऊन खांद्याला हात लावा. लगेच वळून 'काय?' म्हणाला तर ही ती फिट नसावी. आठवडाभर वहीत टिपून ठेवा, किती वाजता, घरात गोंगाट होता का, हात लावल्यावर काय झालं.

भाषेची आणि ऐकण्याची सविस्तर तपासणी वेगळी करून घ्यायची. मुंबईत राहण्याचा हा एक फायदा आहे. बांद्रा रिक्लेमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी शिकवणारा जुना विभाग आहे. परळला वाडियात मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर आहेत, ते तर तुम्हाला भांडुपहून सरळ स्लो गाडीने. तपासणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. कोणता शब्द समजला आणि कोणता अंदाजाने ओळखला, हे मुलाच्या घरच्या भाषेतच उघड होतं. गोंगाटात ऐकण्याच्या, दोन कानांत दोन वेगळे आकडे ऐकवून करायच्या तपासण्या साधारण सात वर्षांपुढे भरवशाच्या होतात, म्हणजे तुमचा मुलगा नेमका उंबरठ्यावर आहे.

भाषेचा विषय निघालाच तर टीचरच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला मानू नका. ज्या मुलाला शब्द पकडायला कष्ट पडतायत त्याच्यापासून त्याचा सर्वांत ओळखीचा आवाज, ओळखीचे शब्द काढून घ्यायचे आणि त्या जागी आईचं अडखळत बोललेलं इंग्रजी द्यायचं, हे मला कधीच कळलेलं नाही. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा आजार होत नाही. मुंबईतली निम्मी पोरं घरी एक, जिन्यात दुसरी आणि शाळेत तिसरी बोलतात. ज्या भाषेत तुम्ही त्याला रागावता, लाडावता, गोष्ट सांगता, तीच पक्की ठेवा. शाळा बदलायची घाईही आत्ता नको.

मग चॉकलेटचं काय? तुमच्या मिस्टरांचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. चॉकलेट हा ओळखीचा, लांबलचक, एकटा शब्द, आणि तो बहुधा कधी येतो हेही मुलाला ठाऊक असतं. बाबा ऑफिसातून आले, हात खिशात गेला. अर्धा ऐकला तरी पुरा लागतो. 'दप्तर आत ठेव आणि हात धुऊन ये' यात दोन कामं, सात शब्द, आणि पाठीमागे मिक्सर. सकाळी ऐकणारं मूल संध्याकाळी थकून ऐकेनासं होतं, रात्री झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी आणखी कमी. हे वरखाली होणंच अशा अडचणीचं एक लक्षण आहे, आणि नेमकं त्यामुळेच लोकांना ते नाटक वाटतं.

घरी बोलण्याची पद्धत बदला, तपासण्या होईपर्यंत थांबू नका. बोलण्याआधी टीव्ही, मिक्सर बंद. स्वयंपाकघरातून ओरडू नका, त्याच्यासमोर या, खांद्याला हात, नाव घ्या, तो बघेपर्यंत थांबा. एका वेळी एकच काम सांगा. सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण दोनच्या आतच पुन्हा बोलतो, आणि त्याचं जमवलेलं सगळं विस्कटतं. नाही समजलं तर आवाज चढवू नका. ओरडल्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही, भोंग्यासारखाच. हळू बोला, मग शब्द बदलून बोला, मग हाताने दाखवा. सकाळची कामं चित्रं काढून फ्रिजवर लावा. मुलं कानाने हरतात तिथे डोळ्याने निभावून नेतात.

खेळ म्हणून दिवसातून दहा मिनिटं जवळजवळच्या आवाजांची जोडी घ्या. पळ आणि फळ, गडी आणि घडी, दार आणि धार, काट आणि खाट. चित्रं मांडा, तोंडावर हात धरून शब्द म्हणा, त्याने बोट ठेवायचं. दहातले सात-आठ बरोबर येतील एवढंच अवघड ठेवा. सगळंच चुकत गेलं तर मूल खेळातून उठतं आणि परत बसत नाही. मग भेंड्या, तुमच्या लहानपणीच्या, शेवटच्या अक्षराच्या. आणि हो, चुकला तर 'अरे, आत्ताच तर सांगितलं' हे वाक्य घरातून हद्दपार.

शाळेला फिटबद्दल सांगितलंय का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. बरेच आईबाप लपवतात, आणि मग शिपाई कांदा, चप्पल शोधायला पळतो. टीचरना लिहून द्या: फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांवर गेली तर हॉस्पिटल. त्याच चिठ्ठीत खाली लिहा की त्याला पुढच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीपासून आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर बसवा, गृहपाठ फळ्यावर लिहून द्या, डिक्टेशनचे शब्द त्याला ओठ दिसतील असं तोंड करून सावकाश म्हणा. अडचण पुढे टिकलीच तर परीक्षेतल्या सवलतींसाठी सायन, केईएम, नायर इथे प्रमाणपत्रं मिळतात, पण ते नंतरचं. आत्ता दुसरीच्या मुलाला बोर्डाची काळजी नको.

त्याच्या मनाचंही बघा. समजत नाही हे त्याला समजतं. म्हणून 'काय?' विचारून विचारून मूल एक दिवस विचारणंच सोडतं, मग चिडतं किंवा गप्प होतं. तो अजून 'काय?' विचारतोय, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात आशेचं वाक्य वाटलं.

सासूबाई दृष्ट काढतात तर काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी ईईजी बिघडत नाही आणि म्हातारीला काहीतरी केल्याचं समाधान. उलट त्यांना कामाला लावा. ईईजीसाठी मूल बहुधा आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवायला आणि पहाटे लवकर उठवायला सांगतात, म्हणजे तपासणीच्या वेळी त्याला गाढ झोप लागते. तिथे गोष्टी सांगणाऱ्या आजीसारखा उपाय नाही. शेजारी बसून सांगितलेली एकच गोष्ट, मध्ये मध्ये थांबून, त्याला चित्रं दाखवत. रोजची गोळी त्या दिवशीही चुकवायची नाही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

फक्त ईईजीच्या आदल्या दिवशी त्याचं डोकं स्वच्छ धुवा आणि तेलाची बाटली आजीच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवा. तेलकट डोक्याला ईईजीच्या तारा चिकटत नाहीत.